'क्लोजर' : गाळलेला काळ आणि उरलेले शब्द

मराठीत 'नाटकी' हे विशेषण सहसा दूषण म्हणून वापरले जाते. एखाद्याचे बोलणे नाटकी आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या बोलण्यात खरेपणा नाही, असे आपल्याला सुचवायचे असते. चित्रपटसमीक्षेत तर हा शब्द निकालपत्रासारखा येतो. चित्रपट नाटकी आहे, म्हणजे त्यात माणसे बंद खोल्यांत बसून बोलत राहतात, कॅमेऱ्याला काम उरत नाही आणि दिग्दर्शकाला माध्यमाची जाण नाही, असे गृहीत धरले जाते. नाटकावरून चित्रपट करताना आपल्याकडेही या आरोपाचे भय वावरत असते. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९७१) पासून 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) आणि 'नटसम्राट' (२०१६) यांच्यापर्यंत रूपांतरांची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरली आहे : मूळ नाटक रंगमंचाच्या चौकटीतून किती 'बाहेर काढले' गेले? बाहेर काढणे म्हणजेच चित्रपट करणे, हे समीकरण मात्र तपासले जात नाही.

हे समीकरण तपासण्यासाठी एक परभाषी उदाहरण उपयोगी पडेल असे मला वाटते. पदव्युत्तर वर्गाला माध्यमांतराचा अभ्यास शिकविताना 'क्लोजर' हा चित्रपट मी काही वर्षे चर्चेसाठी घेतला. पहिल्याच वर्षी एका विद्यार्थिनीने चित्रपट संपताच विचारले, "सर, हे एकमेकांवर प्रेम केव्हा करतात? आपल्याला नुसती भेट दिसते आणि भांडण दिसते." हा आक्षेप होता, परंतु या कलाकृतीच्या रचनेचे इतके नेमके वर्णन माझ्या वाचनात आलेले नाही. प्रस्तुत लेख हा बराचसा त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

'क्लोजर' हे पॅट्रिक मार्बर या ब्रिटिश नाटककाराचे नाटक. १९९७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमधील कॉटस्लो या लहान नाट्यगृहात ते प्रथम सादर झाले. दिग्दर्शन मार्बर यांनीच केले होते. पुढे ते वेस्ट एंडला आणि १९९९ मध्ये ब्रॉडवेवर गेले. त्याला 'इव्हिनिंग स्टँडर्ड' चा पुरस्कार मिळाला तो उत्कृष्ट सुखात्मिकेचा, ही गोष्ट नाटक वाचल्यावर चमत्कारिक वाटते. परंतु प्रेक्षक त्यात पुष्कळ हसतात हेही खरे. २००४ साली माइक निकोल्स यांनी त्यावर चित्रपट केला आणि पटकथा मार्बर यांनीच लिहिली. निकोल्स यांची निवड योगायोगाची नव्हती. त्यांचा पहिलाच चित्रपट, 'हू इज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' (१९६६), हा एडवर्ड ऑल्बी यांच्या नाटकावर आधारलेला, दोन जोडप्यांना एका रात्रीत कोंडून घालणारा होता. 'कार्नल नॉलेज' (१९७१) मध्येही स्त्रीपुरुषसंबंधांतील क्रौर्य हाच विषय होता, आणि ती संहिताही ज्यूल्स फायफर यांनी आधी रंगमंचासाठी लिहिली होती. थोडक्यात, बंद खोलीतील संवादाला न भिणारा हा दिग्दर्शक होता.

कथानक चार माणसांचे आहे. डॅन हा वृत्तपत्रात मृत्युलेख लिहिणारा, लेखक होऊ न शकलेला तरुण. ॲलिस ही लंडनमध्ये नुकतीच आलेली, पूर्वी क्लबांतून विवस्त्र नृत्य करणारी तरुणी. ॲना छायाचित्रकार आहे आणि लॅरी त्वचारोगतज्ज्ञ. रस्त्यावर ॲलिसला मोटारीचा धक्का लागतो, डॅन तिला रुग्णालयात नेतो, आणि तिथून त्यांचे संबंध सुरू होतात. ॲलिसच्या आयुष्यावर डॅन कादंबरी लिहितो. त्या कादंबरीसाठी छायाचित्र काढून घेताना तो ॲनाकडे ओढला जातो. ॲनाने दूर सारल्यावर तो संगणकावरील गप्पांत 'ॲना' हे नाव घेऊन लॅरीला भुलवितो आणि लंडनच्या मत्स्यालयात भेटीला पाठवितो. तिथे योगायोगाने खरी ॲना उपस्थित असते. ॲना आणि लॅरी पुढे लग्न करतात. डॅन आणि ॲना त्या दोघांना नकळत वर्षभर भेटत राहतात. मग दोन्ही घरे एकाच रात्री मोडतात. यानंतर जोड्या पुन्हा बदलतात. लॅरी ॲलिसपर्यंत पोहोचतो, ॲना लॅरीकडे परतते, डॅन ॲलिसकडे परततो आणि तिला कायमचा गमावतो.

असे सलग सांगितले की हे कथानक स्वस्त वाटते. चार पात्रांच्या जोड्यांची अदलाबदल ही क्लृप्ती रंगभूमीला नवी नाही. मोत्सार्टच्या 'कोसी फान तुत्ते' (१७९०) या संगीतिकेत वेषांतर करून एकमेकांच्या प्रेयसींची परीक्षा पाहणारे दोन तरुण आहेत. निकोल्स यांनी चित्रपटात हेच संगीत वापरले आहे आणि आपले ऋण उघडपणे मान्य केले आहे. आर्थर श्निट्झलरच्या 'राइगेन' मध्ये जोड्यांची साखळी फिरत फिरत पहिल्या पात्रापाशी येऊन मिटते. हॅरल्ड पिंटरच्या 'बिट्रेयल' (१९७८) मध्ये व्यभिचाराची कथा उलट्या काळक्रमाने, शेवटाकडून आरंभाकडे सांगितली आहे. मार्बर यांच्यासमोर ही परंपरा होती. त्यांनी काळ उलटा केला नाही किंवा वर्तुळही काढले नाही. त्यांनी काळ गाळला.

नाटकात बारा प्रवेश आहेत आणि ते चार वर्षांहून अधिक काळ व्यापतात. प्रत्येक प्रवेश म्हणजे एक भेट किंवा एक ताटातूट. दोन प्रवेशांच्या मध्ये महिने, कधी वर्ष निघून जाते. आणि एरवी प्रेमकथा ज्याने भरलेली असते ते सारे या फटींत पडते. डॅनने पूर्वीच्या मैत्रिणीला सोडले ते आपण पाहत नाही. ॲलिसबरोबर तो एका घरात राहू लागला ते पाहत नाही. ॲना आणि लॅरी यांचे लग्न पाहत नाही. डॅन आणि ॲना यांच्या वर्षभराच्या चोरट्या भेटी तर संपूर्ण अदृश्य आहेत. पहिला प्रवेश संपतो तेव्हा डॅन आणि ॲलिस परके असतात. पुढच्या प्रवेशात डॅन तिच्याबरोबर राहतो आहे, तिच्यावर पुस्तक लिहून मोकळा झाला आहे आणि दुसऱ्या स्त्रीचे चुंबन घेतो आहे. सुखाचा काळ लेखकाला ठाऊक नाही असे नव्हे. तो त्याने आपल्याला नाकारला आहे.

या नाकारण्याचा परिणाम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. प्रत्येक प्रवेशाच्या आरंभी प्रेक्षक थोडा मागे पडलेला असतो. किती काळ लोटला, आता कोण कोणाचे आहे, हे त्याला बोलण्यातील एखाद्या तपशिलावरून ताडावे लागते. निकोल्स यांनी चित्रपटात काळ सांगणारी पाटी दाखविली नाही, धूसर होत जाणारे दृश्यही योजले नाही. एका कापासरशी वर्ष सरते. यामुळे आपली अवस्था फसविल्या गेलेल्या जोडीदारासारखी होते. आपल्या पाठीमागे काहीतरी घडून गेले आहे आणि ते आपल्याला आता, दुसऱ्याच्या तोंडून कळते आहे. ॲलिसला आणि लॅरीला जसे ते कळते तसेच. विद्यार्थिनीचा प्रश्न येथे येऊन भिडतो. प्रेम दाखविले असते तर आपल्याजवळ पुरावा राहिला असता. या पात्रांजवळही तो नाही, त्यांच्याजवळ केवळ एकमेकांचे शब्द आहेत.

म्हणूनच हा चित्रपट धीट म्हणून गाजला असला तरी त्यात शरीरसंबंधाचे एकही दृश्य नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सारे कामजीवन बोलण्यात आहे. ॲनाने कबुली दिल्यावर लॅरी तिला प्रश्नांमागून प्रश्न विचारतो : कुठे, केव्हा, कसे. हा प्रसंग उलटतपासणीचा आहे. लॅरीला सत्य हवे आहे असे तो म्हणतो. प्रत्यक्षात त्याला तपशील हवा आहे, आणि प्रत्येक तपशिलाबरोबर तो स्वतःलाच जखम करून घेतो. ॲना आधी टाळते, मग एका क्षणी थकून सगळे सांगून टाकते, आणि ते सांगणे कबुलीपेक्षा हल्ल्यासारखे वाटते. खरे बोलणे म्हणजे नैतिक असणे, हा आपला सवयीचा विश्वास येथे डळमळतो. आपल्याला असे प्रवेश अपरिचित नाहीत. 'शांतता! ...' मधील बेणारेभोवतीची उलटतपासणी आठवावी. तेथे समूह एका स्त्रीला उघडे पाडतो. येथे एक पुरुष आपल्या पत्नीला आणि त्याच ओघात स्वतःला.

रंगमंचीय रचनेतील दोन जागा चित्रपटात कशा बदलल्या हे पाहण्यासारखे आहे. नाटकात दोन्ही घरे मोडण्याचा प्रसंग एकाच रंगमंचावर एकाच वेळी चालतो : डॅन आणि ॲलिस, ॲना आणि लॅरी, चौघेही एकाच अवकाशात, परंतु दोन वेगळ्या घरांत. एकीकडचा शब्द दुसरीकडच्या शांततेवर पडतो. पुढे ॲना घटस्फोटाच्या कागदांवर सही घेण्यासाठी लॅरीला भेटते. ही दुपारची भेट आणि त्याच दिवशीची डॅनबरोबरची संध्याकाळची भेट मार्बर यांनी एकात एक गुंफली आहेत. ॲना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाते आणि दुपारची संध्याकाळ होते. रंगमंचाला हे सहज जमते, कारण तेथील जागा मुळातच मानलेली असते. चित्रपटातील खोली मात्र खरी खोली असते. तेथे एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी संकलनाची मदत घ्यावी लागते. निकोल्स यांनी ती घेतली, आणि येथे नाटकातील काहीतरी हरवले असे माझे मत आहे. एकसमयावच्छेदेकरून चाललेले दोन विनाश प्रेक्षकाने एका दृष्टिक्षेपात पाहणे, हा अनुभव संकलन देऊ शकत नाही.

उलट, कमावलेलेही थोडके नाही. डॅनचे आणि ॲनाचे संभाषण आडून ऐकल्यावर ॲलिस तिच्यासमोर छायाचित्रासाठी बसते आणि रडते. ते छायाचित्र पुढे प्रदर्शनात भिंतीएवढे होऊन टांगले जाते. परक्या माणसांचे दुःख सुंदर करून विकले जाते, अशा अर्थाची तक्रार ॲलिस त्याच प्रदर्शनात करते. रंगमंचावर ही तक्रार संवादापुरती राहते. चित्रपटात मात्र आपण स्वतः नताली पोर्टमन यांचा रडणारा चेहरा पडदाभर पाहत असतो, आणि तो सुंदर दिसतो आहे हे आपल्याला नाकारता येत नाही. ॲलिसचे बोलणे आपल्यालाही लागू होते. निकटदृश्य हे या चित्रपटाचे खरे साधन आहे, आणि 'अधिक जवळ' असा अर्थ असलेले शीर्षक त्याच्याशी विपरीत रीतीने जुळते. कॅमेरा त्वचेच्या रंध्रांपर्यंत जातो; माणूस हाती लागत नाही. चौघांचे व्यवसायही याच दृष्टीने वाचता येतात, कारण त्यांपैकी प्रत्येकजण पृष्ठभागाचा धंदा करतो. ही योजना जरा अधिकच नेटकी आहे, आणि नाटक वाचताना ती जाणवतेही.

अभिनयाच्या संदर्भात एक तपशील नोंदविलाच पाहिजे. १९९७ च्या मूळ प्रयोगात डॅनची भूमिका क्लाइव्ह ओवेन यांनी केली होती. २००४ च्या चित्रपटात तेच लॅरी झाले. ज्याने फसविले त्याचे शब्द पाठ असलेला नट फसविला गेलेल्याची बाजू मांडतो. चित्रपटातील डॅन ज्यूड लॉ यांनी आणि ॲना ज्युलिया रॉबर्ट्स यांनी साकारली आहे. परंतु चित्रपटाचा तोल लॅरीकडे झुकतो, त्याला ओवेन यांचा हा पूर्वानुभव कारणीभूत असावा. पोर्टमन आणि ओवेन या दोघांनाही साहाय्यक भूमिकांचे गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाले.

या नाटकाचा मराठी अनुवाद करावयाचा झाल्यास काय होईल, असा प्रश्न मी वर्गात अनेकदा टाकला आहे. तो केवळ अभ्यासापुरता नाही. भाषांतराच्या अडचणी मूळ संहितेचे मर्म दाखवितात. पहिली अडचण संगणकावरील गप्पांच्या प्रवेशात येते. रंगमंचावर या प्रवेशात कोणी बोलत नाही. दोघे टंकन करतात आणि शब्द मोठ्या पडद्यावर उमटतात. नाटकातील सर्वांत 'चित्रपटीय' प्रवेश हाच, हा एक गमतीचा विरोधाभास आहे. डॅन येथे स्त्री असल्याचे सोंग करतो. इंग्रजीत त्यासाठी त्याला एक नाव पुरते, कारण क्रियापदाला लिंग नाही. मराठीत त्याला 'मी येते', 'मी वाट पाहत होते' असे लिहावे लागेल. प्रत्येक वाक्यात व्याकरणानेच खोटे बोलावे लागेल. 'मला वाटते', 'मी पाहिले' अशा रचनांचा आश्रय घेऊन तो लिंग लपवू शकेल. पण डॅनला लपवायचे नाही, मिरवायचे आहे. मराठी डॅन मूळ डॅनपेक्षा अधिक कसलेला लबाड ठरेल.

दुसरी अडचण सर्वनामांची. इंग्रजीत परका आणि प्रियकर दोघांनाही एकच द्वितीय पुरुष आहे. या नाटकाचा मध्यवर्ती ताण, परकेपण आणि जवळीक यांच्यात फरक न उरणे, त्या एका सर्वनामात सामावतो. मराठीत अनुवादकाला ठरवावे लागेल की रुग्णालयात ॲलिस डॅनला 'तुम्ही' म्हणेल की पहिल्या वाक्यापासून 'तू'. माझ्या मते तिने 'तू' म्हणावे आणि डॅन काही काळ 'तुम्ही' वर अडखळावा. क्लबातील प्रवेशात लॅरी गिऱ्हाईक आहे. ॲलिसचे 'तुम्ही' तेथे धंद्याचे होईल आणि लॅरीला तेच सर्वांत झोंबेल. शेवटाकडे डॅन रडत लॅरीच्या दवाखान्यात जातो. तेथे लॅरीने डॉक्टरने रुग्णाला म्हणावे तसे 'तुम्ही' म्हटले तर त्या सौजन्यातील विष मराठी प्रेक्षकाला तत्काळ कळेल. अनुवादात येथे काही हरवणार नाही, कदाचित थोडे मिळेलच.

तिसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. प्रेम कुठे आहे ते दाखव, मला ते दिसत नाही, केवळ शब्द ऐकू येतात, अशा आशयाचे ॲलिस शेवटच्या भांडणात डॅनला म्हणते. इंग्रजीत प्रेम 'केले' जाते. कर्ता मी, कर्म तू. मराठीत 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे म्हणतात. येथे प्रेम हाच कर्ता आहे, आणि ते 'असते'. जे असते त्याच्याविषयी 'कुठे आहे?' हा प्रश्न विचारणे मराठीत अगदी सरळ ठरते. इंग्रजीत ॲलिसचा प्रश्न काव्यात्म भासतो. मराठीत तो एखाद्या व्यवहारी बाईने घरातील हरवलेल्या वस्तूविषयी विचारावा तसा येईल, आणि डॅनची निरुत्तरता त्यामुळे अधिक उघडी पडेल.

डॅनच्या व्यवसायालाही मराठीत आयता प्रतिसाद आहे. मृत्युलेखात सत्य झाकण्यासाठी वापरली जाणारी सभ्य शब्दयोजना तो ॲलिसला सांगतो : मद्यपी माणसाला तेथे आनंदी स्वभावाचा म्हणतात. आपल्या वृत्तपत्रांतील 'अल्पशा आजाराने' आणि 'मोठा मित्रपरिवार' ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्यातून पुढे येणारी गोष्ट महत्त्वाची आहे. इतरांच्या मृत्यूवर पांघरूण घालणारा हा माणूस आपल्या प्रेयसीकडे मात्र संपूर्ण सत्य मागतो, आणि ते मागण्याच्या क्षणीच तिला गमावतो.

ॲलिसचे नाव हे या सत्याचे शेवटचे टोक. लंडनमधील पोस्टमन्स पार्क या लहानशा उद्यानात जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या चित्रकाराच्या प्रेरणेने १९०० साली उभारलेले एक स्मारक आहे. इतरांचे प्राण वाचविताना मेलेल्या सामान्य माणसांची नावे तेथे फरशांवर कोरलेली आहेत. त्यांत ॲलिस एअर्स आहे. १८८५ साली लंडनच्या बरो भागातील जळत्या घरातून तिने तीन मुलांना वाचविले आणि स्वतः प्राण गमावले. आपल्या नायिकेने डॅनबरोबर पहिल्याच दिवशी या उद्यानात हे नाव वाचले आणि उचलले. क्लबात पैसे मोजून लॅरी तिचे खरे नाव विचारतो तेव्हा ती 'जेन जोन्स' असे खरेच सांगते, आणि तो संतापतो, कारण त्याला ते खोटे वाटते. लॅरीला सत्य विकत मिळाले होते, त्याला ते ओळखता आले नाही.

येथून पुढे नाटक आणि चित्रपट यांच्या वाटा वेगळ्या होतात. नाटकात न्यू यॉर्कमध्ये मोटारीखाली सापडून तिचा मृत्यू होतो, आणि उरलेले तिघे त्याच उद्यानात जमतात. लॅरी आणि ॲनाही तोवर विभक्त झालेले असतात. पहिल्या प्रवेशातील अपघात येथे पुरा होतो. चित्रपटात ती जिवंत राहते. लॅरी आणि ॲना एकत्र राहतात, पण शेजारी झोपलेल्या लॅरीकडे पाठ करून जागी असलेली ॲना आपल्याला दिसते, आणि त्या एकत्र राहण्याची किंमत कळते. डॅन एकटा उद्यानात जाऊन फरशीवरचे नाव वाचतो.

हा बदल चित्रपटउद्योगाच्या सौम्यपणाला शरण जाणे आहे, असे म्हणता येते. मीही बराच काळ तसेच मानत होतो. नायिकेला मारू नये हा आग्रह जुनाच आहे. परंतु पुन्हा पुन्हा पाहताना माझे मत पालटले. नाटकातील मृत्यू ॲलिसला उरलेल्या तिघांच्या अपराधभावनेचा विषय बनवितो. ती पुन्हा एकदा इतरांच्या कथेतील पात्र होते, डॅनच्या कादंबरीत झाली होती तशीच. चित्रपट तिला त्या कथेतून निसटू देतो. अर्थात या दोन्ही शेवटांविरुद्ध एक आक्षेप कायम राहतो : ॲलिसचे मन आपल्याला कधीच आतून कळत नाही, आणि गूढ, तरुण, निराधार स्त्री हे पुरुषी कल्पनेतील जुने रूप मार्बर यांनी पुरते ओलांडलेले नाही. ॲनाच्या बाबतीत तर लेखकाने बरेच काम निर्णयक्षमतेच्या अभावावर सोपविले आहे.

तरीही शेवटचे दृश्य पाहावे. आरंभी लंडनच्या गर्दीतून ती मंदगतीने आपल्याकडे चालत येत होती आणि डॅन समोरून येत होता. दोघे एकमेकांना अनोळखी होते. शेवटी न्यू यॉर्कच्या विमानतळावर अधिकारी तिचे पारपत्र तपासतो आणि त्यावरचे नाव आपल्याला दिसते : जेन जोन्स. मग ती त्याच मंदगतीने, त्याच गाण्यावर, दुसऱ्या शहराच्या गर्दीतून चालू लागते. रस्त्यावरचे पुरुष वळून पाहतात. ती कोणाकडेही पाहत नाही.